टिप्या, सखू आणि आम्ही दोघं : प्रकल्प नोंदी

6 जानेवारी

आजपासून वही घातली. काम असं ठरलंय: या घरातल्या चारही जिवांना म्हातारपणात नीट राहता येईल, आणि अचानक काही झालं तरी कुणाची आबाळ होणार नाही, अशी व्यवस्था सहा महिन्यांत उभी करायची. हे 76 वर्षांचे, मी 71, आणि आमची दोन कुत्री: टिप्या बारा पूर्ण आणि सखू सहाची. मुलंबाळं नाहीत. भाची जवळ राहते, तिला या कामात घ्यायचं आहे.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशोब सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो बरोबर नाही. 2020 मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 104 लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या, वयानुसार बदलत जाणाऱ्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या आणि एक सूत्र मांडलं. कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढायचा, त्याला 16 ने गुणायचं आणि त्यात 31 मिळवायचे. एक वर्षाचा कुत्रा 31 वर्षांच्या माणसाएवढा येतो, चार वर्षांचा 53 च्या, आणि बारा वर्षांचा जवळजवळ 71 च्या. टिप्या लॅब्रॅडॉर नाही, कुठल्याच एका जातीचा नाही, त्यामुळे आकडा त्याला तंतोतंत लागू पडणार नाही. तरी मी तो पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला. या वर्षी टिप्या आणि मी एका वयाचे आहोत.

9 जानेवारी

सुरुवात फरशीपासून. टिप्या उठायला जातो तेव्हा मागचे पाय दोन बाजूंना फाकतात. कंबरेचे आणि मागचे सांधे झिजलेत, डॉक्टरांनी औषध चालू केलंय. पण औषधाने दुखणं कमी होतं, फरशी गुळगुळीतच राहते. एकदा घसरलेला कुत्रा पुढच्या वेळी अंग आखडून पाऊल टाकतो, मग कमी चालतो, कमी चालल्याने मांड्यांचे स्नायू आणखी उतरतात. ही साखळी तोडायची तर पायाखालची जमीन आधी बदलायला हवी.

त्याला दुखतं तेव्हा तो ओरडत नाही, बहुतेक कुत्रे ओरडत नाहीत. बसताना एक क्षण अडखळणं, पायरीपाशी थांबून वर बघणं, एकच सांधा चाटत राहणं, सकाळी पहिली दहा पावलं ताठ टाकणं, एवढ्यावरूनच ओळखायचं. ही यादी फ्रिजवर लावली, म्हणजे यांच्याही नजरेस राहील.

त्याच्या अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत रबरी तळाच्या पट्ट्या सलग टाकल्या. मध्ये एक फूट जरी फरशी उघडी राहिली तरी तो तिथे थांबतो, म्हणून सलग. नखं कापली. पंजाच्या गाद्यांमध्ये वाढलेले केसही कापले, कारण त्या केसांमुळे गादी जमिनीला टेकतच नाही आणि पाय सरकतो.

उंबऱ्याच्या आणि दोन पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली. हे म्हणत होते लाल लावू, लाल उठून दिसतो. माणसाला दिसतो. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. त्याला निळा आणि पिवळा वेगळे कळतात, लाल मळकट तपकिरी दिसतो. पिवळा दोघांनाही चालतो.

12 जानेवारी

हेही आता त्या पट्ट्यांवरूनच चालतात. रात्री बाथरूमला जाताना भिंतीला हात लावायचे, तो लावत नाहीत. बाथरूमपर्यंत आणखी दोन पट्ट्या वाढवल्या.

23 जानेवारी

फिरण्याचं काम. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि सगळ्यात जास्त धास्तीही याचीच वाटते.

2019 मध्ये अमेरिकेतल्या एका शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात आलेले आकडे वाचले. पट्ट्याने बांधलेला कुत्रा फिरवताना हाड मोडून तातडीच्या विभागात आलेली 65 वर्षांवरची माणसं 2004 मध्ये अंदाजे 1,671 होती, 2017 मध्ये 4,396 झाली. त्यांतल्या जवळजवळ 79 टक्के बायका. सगळ्यात जास्त वेळा मोडलेलं हाड खुब्याचं. माझ्या हाडांची तपासणी झालेली आहे आणि तिचा निकाल काही फार बरा नाही, त्यामुळे हे आकडे मी दुरून वाचू शकत नाही. पण फिरायला जाणं बंद करणं हा मला पर्याय वाटत नाही. दोन वेळा बाहेर पडल्यामुळेच माझे पाय चालते आहेत, रस्त्यावर चार माणसांशी बोलणं होतं, आणि सखूला तर बाहेरच्या वासांशिवाय दिवस जात नाही. धोका ओढाताणीत आहे, तर ओढाताण काढून टाकू.

ठरवलेलं असं. टिप्याला हे नेतील, तो यांच्याच चालीने चालतो. सखू माझ्याकडे, पण गळपट्ट्याऐवजी छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस. कडी पुढे असली की ओढणारा कुत्रा आपोआप बाजूला वळतो, ओढायला जोर मिळत नाही. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, बोटं कडीत अडकवायची नाहीत, तळहातात धरायची. दोन्ही कुत्रे एका माणसाच्या हातात कधीच द्यायचे नाहीत, कितीही घाई असो.

आणि नवं शिक्षण: दोरी हातातून सुटून जमिनीवर पडली की सखूने जागच्या जागी थांबायचं. आधी घरात. दोरी टाकायची, ती आवाजाला थांबली की लगेच खाऊ. मग अंगणात, मग निवांत रस्त्यावर लांब दोरी बांधून. मी पडणार असेन तर मला दोरी सोडता आली पाहिजे. ती पळून जाईल या भीतीने आपण दोरी घट्ट धरतो आणि त्या धरण्यानेच पडतो. ही भीती तिच्या शिकण्यातून जाईल.

30 जानेवारी

गोळ्या. यांचे हात थरथरतात, गोळी सुटते आणि सखू कुठल्याही पडलेल्या वस्तूकडे आधी पोचते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात, पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते, बिनसाखरेच्या चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल हा साखरेऐवजीचा गोड पदार्थ असेल तर रक्तातली साखर झपाट्याने कोसळते. आता गोळ्या कडा असलेल्या ताटात, टेबलावर, खोलीचं दार लावून. डबा कपाटात वरच्या फळीवर. जनावरांच्या डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर कपाटाच्या दारावर आतून चिकटवला.

11 फेब्रुवारी

टिप्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवली, कान हलला नाही. जमिनीवर पाय आपटला, लगेच वळला. म्हणजे ऐकू कमी येतंय आणि कंपनं कळतात.

म्हणून हाताच्या खुणा सुरू केल्या: ये, बस, थांब, आणि अंगठा वर केला म्हणजे शाब्बास. थोडं ऐकू येतं तोवर शब्द आणि खूण एकत्र द्यायची, म्हणजे शब्द गेला तरी अर्थ त्याच्यापाशी राहतो. सखूलाही आत्ताच शिकवतेय, तिचं म्हातारपण यायचंय म्हणून थांबायचं कशाला. झोपलेल्या टिप्याला मागून हात लावायचा नाही, अंथरुणाजवळ जमिनीवर हलकं थोपटायचं आणि तो जागा झाला की मग जवळ जायचं. ही गोष्ट भाचीला आणि शेजारच्या मुलांना खास सांगितली. दचकलेला कुत्रा चावू शकतो आणि त्यात त्याचा दोष नसतो.

26 फेब्रुवारी

टिप्या रात्री दोन-अडीचला उठतो, घरभर फिरतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूला तोंड लावून उभा राहतो, जणू दार तिकडून उघडणार आहे. कधी कोपऱ्यात जाऊन अडकतो आणि मागे वळायचं त्याला सुचत नाही.

डॉक्टरांनी आधी बाकीचं तपासलं: मूत्रपिंडं, रक्तदाब, थायरॉइड, डोळे, दुखणं. वेदनेनेही कुत्रा रात्री फेऱ्या घालतो, तहानेनेही. ते सगळं पाहून झाल्यावर म्हणाले की मेंदूचं म्हातारपण सुरू झालंय. कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या पाहणीत 11-12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्क्यांत आणि 15-16 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 68 टक्क्यांत अशी निदान एक तरी खूण दिसली होती: दिशा हरवणं, माणसांशी वागणं बदलणं, झोपेचं चक्र उलटणं, घरात घाण करणं. पूर्वी लोक याला नुसतं वय झालं म्हणायचे आणि तिथेच सोडून द्यायचे. आता निदान नाव आहे आणि करण्यासारखंही काही आहे.

केलेले बदल: झोपायच्या आधी उशिरा एक फेरी. खोलीत आणि वाटेवर मंद दिवा. सामान कुठलंच हलवायचं नाही. दिवसा वास घेऊन शोधायचे छोटे खेळ, डोकं चालतं राहावं म्हणून. कोपऱ्यांत उभ्या गुंडाळ्या लावल्या, तो आत शिरूच नये म्हणून. खाण्याच्या वेळा घड्याळाला बांधल्या.

एक गोष्ट डॉक्टरांना सांगितली नाही, इथे लिहिते. रात्री टिप्या उठतो तेव्हा बहुतेक वेळा हे जागेच असतात, फोनवर बातम्या बघत. कुठे बॉम्ब पडले, कुठलं शहर रिकामं झालं, कुठे नदीने धरण फोडलं. त्या निळ्या उजेडात एक बारा वर्षांचा कुत्रा आणि एक 76 वर्षांचा माणूस, दोघांनाही झोप नाही. मी म्हटलं, "अहो, फोन बाहेर ठेवू या." म्हणाले, "झोप लागत नाही म्हणून बघतो." मी म्हटलं, "बघता म्हणून लागत नाही." आता फोन स्वयंपाकघरात असतो. टिप्या उठला की हे उठतात, त्याला वळवून आणतात, पाठीवर हात ठेवून बसतात. हातांची थरथर त्या वेळी कमी असते. कारण मला ठाऊक नाही, पण मी रोज बघते.

8 मार्च

अचानक घर सोडून बाहेर पडावं लागलं तर घ्यायची पिशवी. या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे.

सप्टेंबर 1939 मध्ये ब्रिटनमध्ये महायुद्ध सुरू झालं आणि पहिल्या आठवड्याभरात एकट्या लंडनमध्ये सुमारे चार लाख पाळीव कुत्री-मांजरं मारली गेली. त्यांच्याच माणसांनी दवाखान्यांसमोर रांगा लावून त्यांना मरण दिलं. बॉम्ब तोवर पडलेही नव्हते. त्याआधी सरकारने नेमलेल्या समितीचं एक पत्रक निघालं होतं: जनावरं गावाकडे पाठवा, कुणाकडे ठेवता येत नसतील तर मारणं हाच दयाळूपणा. ती माणसं दुष्ट नव्हती. त्यांच्यापुढे दुसरी काही व्यवस्था मांडलेली नव्हती आणि भीती हाताशी होती. हे वाचल्यापासून मला पिशवी भरल्याशिवाय चैन पडत नाही.

2005 च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्समध्ये अनेकांनी घर सोडायला नकार दिला, कारण बचावाच्या गाड्या आणि निवारे प्राण्यांना घेत नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार करावाच लागेल. आणि 2022 मध्ये युक्रेनमधून माणसं मांजरं कोटात घालून, म्हाताऱ्या कुत्र्यांना खांद्यावर उचलून सीमा ओलांडत होती. त्या वेळी युरोपीय संघाने प्राण्यांच्या कागदपत्रांचे नियम त्यांच्यासाठी सैल केले. म्हणजे व्यवस्था करता येते. पण सरकारच्या व्यवस्थेत शिरायलाही आपल्या हातात काहीतरी लागतं.

पिशवीत काय: लसीकरणाची पुस्तकं आणि त्यांच्या प्रती, प्लास्टिकच्या पाकिटात. दोघांच्या मायक्रोचिपचे पंधरा आकडी क्रमांक. दोघांचे आमच्यासोबतचे फोटो, कागदावर छापलेले, कारण फोन बंद पडतो. रेबीजच्या लसीची तारीख वेगळ्या चिठ्ठीवर वर ठेवलीय, निवाऱ्यात सगळ्यात आधी तीच विचारतील. दोन आठवड्यांची औषधं, जुनी संपायच्या आत बदलायची. जास्तीचा हार्नेस, दोरी, तोंडाची जाळी. जाळी घालायची सवय दोघांनाही हळूहळू लावतेय, घाबरलेल्या कुत्र्याला अनोळखी हात लागणार असतात तेव्हा ती त्याला वाचवते. एक जुनी चादर, न धुतलेली, घराचा वास असलेली.

पाण्याचा हिशोब: किलोमागे दिवसाला साधारण 60 मिली. टिप्या 18 किलो, सखू 16, म्हणजे दोघांना दिवसाला दोन लिटर, तीन दिवसांना सहा. सहा लिटर म्हणजे सहा किलो. आमचं पाणी वेगळंच.

15 मार्च

वजन मांडून पाहिलं आणि खरी अडचण समोर आली. टिप्याला उचलून जिना उतरणं आम्हा दोघांनाही शक्य नाही.

उपाय दोन भागांत. त्याच्या पोटाखालून जाणारी, दोन्ही बाजूंना मुठी असलेली कापडी झोळी आणली. तिने मागचा भार आपण घेतो आणि पुढच्या पायांनी तो स्वतः चालतो. जिना उतरायला ती पुरते. पुढच्या रस्त्यासाठी चार चाकांची घडीची गाडी, खाली पाणी आणि पिशवी, वर टिप्या. गाडीत बसायची सवय लावायला तिच्यात त्याचं अंथरूण टाकून ती तशीच दिवाणखान्यात ठेवलीय. तो आता दुपारी तिच्यात झोपतो. वरच्या मजल्यावरच्या मुलाशीही बोलले. रात्री दार वाजवलं तर तो येईल. किल्ली त्याच्याकडे दिली.

2 एप्रिल

आज फक्त एक वाचलेली गोष्ट. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे 1914 मध्ये एक थडगं सापडलं, सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक बाई आणि एक कुत्रा. नंतर कुत्र्याचे दात तपासले तेव्हा कळलं की ते साधारण सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला बहुधा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार, झाला होता. एवढा आजार होऊनही ते काही आठवडे जगलं, आणि कुणी पाणी पाजलं, ऊब दिली, स्वच्छ ठेवलं नसतं तर ते जगणं अशक्य होतं. आजारी पिल्लाचा शिकारीला काही उपयोग नव्हता. तेव्हाचं जगही सुरक्षित नव्हतं. हिमयुगाच्या शेवटाला कुणीतरी रात्र-रात्र त्याच्यापाशी बसलं होतं.

यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ टिप्याचे कान चोळत राहिले.

19 एप्रिल

कागदाचं काम. भाची आली होती.

ती म्हणाली, "मावशी, मी सांभाळेन हे मी कधीच सांगितलंय. कागद कशाला?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही गं. आम्ही दोघं दवाखान्यात असलो आणि दारात कुणी तिसराच उभा असला, तर त्याला कळायला हवं की यांचं माणूस कोण."

मग सविस्तर बसलो. जगात बहुतेक ठिकाणी कायद्याच्या नजरेत कुत्रा ही मालमत्ता असते, त्याच्या नावे पैसे ठेवता येत नाहीत. म्हणून रक्कम भाचीच्या नावे, मृत्युपत्रात कारणासकट, आणि ते वकिलांकडून तपासून घेतलं. पण मृत्युपत्र उघडायला वेळ लागतो आणि कुत्र्याला संध्याकाळी खायला लागतं. त्यामुळे एक वेगळं साधं पत्र, आम्ही हयात पण असमर्थ असताना लागू होणारं, आमच्या सह्यांसकट. त्याची एक प्रत भाचीकडे, एक डॉक्टरांकडे, एक दारामागे. माझ्या आणि यांच्या पाकिटात एकेक चिठ्ठी: घरात दोन कुत्रे आहेत, या नंबरवर फोन करा.

निघताना तिने विचारलं, "टिप्याचं फार झालं आणि तू बोलायच्या अवस्थेत नसशील तर?"

हा प्रश्न तिने विचारला याचं मला फार बरं वाटलं. तिच्यासमोरच लिहिलं: डॉक्टर म्हणतील की आता याला फक्त त्रास उरलाय, तर निर्णय भाचीने घ्यावा, आमची वाट बघू नये, आणि त्या वेळी त्याच्यापाशी ओळखीचं माणूस असावं. हे शेजारी उभे होते. त्यांनी पेन घेतलं आणि खाली सही केली.

10 मे

तो निर्णय घ्यायला काहीतरी आधार हवा, म्हणून दर रविवारी गुण द्यायला लागलो. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी 2004 मध्ये एक तक्ता मांडला. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर काळजी घेत पुढे जायला हरकत नाही. आम्ही दोघं वेगवेगळ्या कागदावर गुण देतो आणि मग ताडून बघतो, कारण माया एकट्याला फसवते. चालण्याला माझे गुण नेहमी यांच्यापेक्षा कमी येतात, आनंदाला जास्त. या रविवारी माझे 49, यांचे 50.

शिवाय झोपेतला श्वास मोजतो. गाढ झोपेत मिनिटाला 30 च्या आत हवा, सतत वर जायला लागला तर हृदयाची तपासणी. टिप्याचा ठीक आहे.

24 मे

टिप्यानंतर पिल्लू आणायचं का, हा विषय यांनी काढला. सखू एकटी पडेल असं त्यांना वाटतं. माझं मत मी स्पष्ट मांडलं: आज आणलेलं पिल्लू पंधरा वर्षं जगू शकतं आणि त्याची सगळी पंधरा वर्षं आम्ही देऊ शकत नाही. पण निवारागृहांत आठ-दहा वर्षांची कुत्री असतात, माणूस वारला किंवा घर सुटलं म्हणून आलेली. त्यांना कुणी नेत नाही. या घरात आता घसरण नसलेल्या पट्ट्या आहेत, झोळी आहे, गाडी आहे, खुणा शिकलेली माणसं आहेत. तेव्हा वेळ आली तर म्हातारा कुत्रा, आणि तोही भाचीने आधी हो म्हटलं तरच. हे कबूल झाले.

14 जून

चाचणी. शुक्रवारी संध्याकाळी टिप्या आणि सखूला भाचीकडे नेलं, रविवारी दुपारी आणलं. आम्ही फोन केला नाही. तिला फक्त दारामागच्या पत्राची प्रत आणि पिशवी दिली होती, तोंडी काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. पत्र पुरतं का तेच बघायचं होतं.

बहुतेक पुरलं. भाचीच्या हातून सखूची दोरी सुटली तेव्हा सखू थांबली, वर्दळीच्या रस्त्यावर. टिप्याने पहिल्या रात्री खाल्लं नाही, न धुतलेली चादर अंथरल्यावर तो तिच्यावर गेला, आणि सकाळी खाल्लं. जिन्यावर झोळीची मूठ कुठून धरायची हे पत्रावरून तिला कळलं नाही, तिथे चित्र हवं. औषध कशात लपवून द्यायचं हेही राहिलं होतं. रात्री तो उठला तेव्हा तिने दिवा मोठा केला आणि तो आणखी गोंधळला. दिवा मंदच ठेवून त्याच्या पुढ्यात उभं राहायचं आणि हाताने वळवायचं, हे आता ठळक लिहिलं.

तिने स्वतःच्या अक्षरात खाली तीन ओळी घातल्या आहेत: तिच्या कामाच्या वेळा, ती बाहेर असेल तेव्हा कुणाला बोलवायचं, आणि तिच्या घरातल्या फरशीला किती पट्ट्या लागतील त्याचं माप. पट्ट्या मी उद्या मागवते. पुढची चाचणी ऑगस्टमध्ये, चार रात्रींची.